वाचक विचारतात : हातोड्याची इंग्लिश नाणी

इंग्लंडमध्ये १६६२ पर्यंत बहुतेक सगळी नाणी हाताने ठोकून पाडत. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. आपल्याकडच्या शिवराया आणि जुने रुपये हाताळलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही. अक्षरे चकतीबाहेर जाणे, ठसा एका बाजूला सरकणे, दोन बाजूंचा कोन न जुळणे हे सारे इथेही दिसते. या नाण्यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न पुढे घेतले आहेत.

आजोबांच्या डबीत चांदीचे एक पातळ नाणे सापडले. व्यास २६ मि.मी., वजन २.८५ ग्रॅम. एका बाजूला मुकुट घातलेली स्त्री आणि तिच्या डोक्यामागे फूल. दुसऱ्या बाजूला ढाल, तिच्यावर १५६ आणि पुढचा आकडा झिजलेला. हे कोणते नाणे? दुर्मीळ आहे का? (पुणे)

हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे सहा पेनीचे नाणे, म्हणजे सिक्सपेन्स. फूल आणि साल ही त्याची हमखास खूण. राणीच्या चांदीच्या नाण्यांत सहा पेनी, तीन पेनी, दीड पेनी आणि पाऊण पेनी एवढ्या चारच नाण्यांवर डोक्यामागे गुलाब आणि ढालीवर साल असते. बारा पेनीचा शिलिंग, चार पेनीचा ग्रोट, दोन पेनी आणि पेनी यांवर दोन्ही नसते. आकाराने जवळजवळची नाणी अक्षरशत्रू माणसालाही वेगळी कळावीत म्हणून ही योजना होती. तीन पेनीचा व्यास साधारण १९ मि.मी. असतो, तेव्हा तुमच्या नाण्याबद्दल शंका उरत नाही. मूळ वजन ३.१ ग्रॅम होते. साडेचारशे वर्षांची झीज आणि चांदीसाठी कुणी थोडी कातरलेली कड धरली तर २.८५ चांगलेच म्हणायचे.

झिजलेला आकडा टांकसाळ-चिन्हावरून काढता येतो. घड्याळात बारा वाजतात त्या जागी, मजकूर सुरू होण्याआधी, एक छोटे चित्र असते. ते दोन्ही बाजूंना पाहा. बाणाचे टोक असेल तर १५६१ ते १५६५. गुलाब असेल तर १५६५. किल्ल्याच्या दरवाजात वरून सोडायची जाळी असेल तर १५६६. सिंह असेल तर १५६६ किंवा १५६७. छोटा मुकुट असेल तर १५६७ ते १५७०. यापुढे तुमच्या नाण्याला सहसा जायचे कारण नाही, कारण तुम्हाला ‘१५६’ स्पष्ट दिसते आहे. चिन्ह हाती आले की उरलेल्या थोड्या आकड्यांतून निवड करायची असते, आणि त्यासाठी भिंगाखाली तिरपा उजेड पुरतो. सातचा तिरपा दांडा आणि नऊची गाठ सहसा अगदी शेवटी पुसली जातात. एक खबरदारी घ्या. जुना ठसा फुकट घालवायचा नाही म्हणून त्यावरच नवा आकडा ठोकण्याची पद्धत होती, त्यामुळे आकडा विचित्र जाड दिसला तर खाली आधीचे साल असू शकते.

ही चिन्हे शोभेची नव्हती. टांकसाळीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतली काही नाणी पेटीत राखून ठेवत आणि पुढे त्यांचा कस व वजन तपासत. चिन्ह बदलले की खेप बदलली. आज आपल्याला ती पंचांगासारखी उपयोगी पडतात.

दुर्मीळ आहे का? नाही. हातोड्याच्या इंग्लिश नाण्यांत सहज मिळणाऱ्यांपैकी हे एक. किंमत ठरते ती चेहरा किती शिल्लक आहे यावर. मात्र नाणे अगदी गोल असेल, कडेच्या वर्तुळातले मणी (ठिपके) एकसारखे असतील आणि चिन्ह तारा किंवा लिलीचे फूल असेल, तर थांबा. एलॉय मेस्ट्रेल या फ्रेंच कारागिराने १५६१ ते १५७१ या काळात लंडनच्या टॉवरमध्ये यंत्रावर नाणी काढली, त्यांपैकी ते असेल. त्याचा हिशेब वेगळा.

‘एडवर्ड’ नाव वाचता येते अशी एक पेनी घेतली. विक्रेत्याने पाकिटावर फक्त ‘एडवर्ड’ लिहिले आहे. कोणता एडवर्ड हे कसे ओळखायचे? (लेस्टर)

चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. समोर पाहणारे डोळे, दोन बाजूंना केसांचे झुपके आणि वर मुकुट ही दोनशे वर्षे चाललेली ठरीव आकृती आहे, कुणा राजाचे चित्र नव्हे. नावावरही आंधळा विश्वास नको. ११८० ते १२४७ या काळातल्या आखूड क्रुसाच्या पेनींवर सरसकट ‘हेन्रिकस रेक्स’ लिहिलेले असते. रिचर्ड आणि जॉन या दोन राजांची कारकीर्द त्यातच गेली, पण इंग्लंडमधल्या त्यांच्या पेनींवर त्यांचे नाव कधी आले नाही.

एडवर्डच्या बाबतीत आधी पाहायचे ते बाहेरचे मण्यांचे कडे. ते पूर्ण दिसत असेल तर कड कातरलेली नाही आणि वजन भरवशाचे. कडे गायब असेल तर वजनावरून काही ठरवू नका. १२७९ च्या नव्या पेनीचे वजन सुमारे १.४४ ग्रॅम. १३५१ पासून ते १.१७, १४१२ पासून ०.९७ आणि १४६४ पासून ०.७८ ग्रॅम झाले. तेव्हा न कातरलेली पेनी १.३५ च्या वर भरली तर एडवर्ड पहिला, दुसरा किंवा तिसऱ्याची सुरुवातीची वर्षे. १.१ च्या आसपास भरली तर तिसऱ्याची १३५१ नंतरची. पाऊण ग्रॅम भरली तर चौथा.

मग समोरचा मजकूर. नाव तोडून ‘ई-डी-डब्ल्यू’ आणि पुढे राजा या अर्थाचे ‘आर’ एवढेच असेल तर बहुधा पहिला, साधारण १३०० च्या आधीचा. ‘एडवर्ड’ किंवा ‘एडवर’ एवढे असेल तर १३०० नंतरची काही वर्षे. ‘एडवा’ आणि ‘आर’ असेल तर पहिल्याची अखेर किंवा दुसऱ्याची कारकीर्द, आणि तिथे मुकुटाच्या पाकळ्यांचा आकार पाहिल्याशिवाय उकल होत नाही. ‘एडवर्डस’ असे पूर्ण नाव दिसले तर तिसरा किंवा त्यानंतरचा. डब्ल्यू पुष्कळदा दोन व्ही शेजारी ठोकून केलेला असतो आणि एन उलटा पडलेला सापडतो. ती चूक समजून नाणे बाजूला टाकू नका.

मागच्या बाजूला लांब क्रूस, चार कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके आणि गावाचे नाव. ‘सिव्हितास लंडन’ म्हणजे लंडन, ‘सिव्हितास कँटर’ म्हणजे कँटरबरी. या दोन टांकसाळींचीच नाणी सर्वांत जास्त मिळतात. ‘व्हिला’ने सुरू होणारी गावे पाहायला मिळाली की सावकाश वाचा: ब्रिस्टल, न्यूकॅसल, बेरिक, बरी सेंट एडमंड्स. चेस्टर, एक्सेटर, किंग्स्टन ही नावे क्वचितच हाती येतात. नावाची दोन-तीन अक्षरे नीट दिसली तरी गाव सापडते, कारण क्रुसाच्या प्रत्येक चतुर्थांशात साधारण तीन-तीन अक्षरे येतात.

आता नात्यातली नाणी. चेहरा बाजूने काढलेला आणि क्रुसाच्या कोपऱ्यांत ठिपक्यांऐवजी चांदण्या असतील तर ते स्कॉटलंडचे. चेहरा त्रिकोणात बसवलेला असेल तर आयर्लंडचे. मुकुटाऐवजी डोक्यावर गुलाबांची माळ असेल तर समुद्रापलीकडल्या फ्लँडर्सच्या भागात काढलेली नक्कल. असली हलकी नाणी इतकी आत आली की १२९९-१३०० मध्ये ती बाद करावी लागली. संग्राहकाला तीही हवीच असतात, फक्त पाकिटावर नाव बरोबर हवे.

बारीक अर्धगोल तुकडा मिळाला, क्रुसाच्या रेषेवर सरळ कापलेला. मोडके नाणे म्हणून टाकून द्यावे का? (नाशिक)

अजिबात नाही. १२७९ च्या आधी इंग्लंडमध्ये अर्धी आणि पाव पेनी म्हणून गोल नाणी जवळजवळ काढलीच जात नव्हती. पेनीच क्रुसाच्या रेषेवर कापून अर्धी-पाव करत. काप सरळ असेल आणि मध्यातून जात असेल तर तो चलनातला तुकडा. वेडावाकडा असेल तर नांगराने मोडलेले नाणे. पूर्ण पेनी परवडत नसेल तर सुरुवात अशा तुकड्यापासून करायलाही हरकत नाही. मागच्या बाजूला ठसा पाडणाऱ्याचे आणि गावाचे नाव यांमध्ये ‘ऑन’ येते. तुकड्यावर तेवढे जरी आले तरी मजकुराचा कुठला भाग हाती आहे ते कळते.

विक्रीच्या यादीत प्रत्येक नाण्यापुढे ‘अतिशय दुर्मीळ’ लिहिलेले असते. खरे दुर्मीळ कसे ओळखायचे आणि नवख्याने काय घ्यावे? (ठाणे)

हे शब्द बाजूला ठेवा. नाणे दुर्मीळ आहे की नाही हे किती पाडली यापेक्षा किती सापडली यावर ठरते. विल्यम पहिल्याच्या ‘पाक्स’ (लॅटिनमध्ये शांती) प्रकारच्या पेनी आज त्याच्या बाकी प्रकारांपेक्षा सहज मिळतात, याचे कारण १८३३ मध्ये हँपशरमधल्या ब्यूवर्थ गावी सापडलेले हजारो नाण्यांचे घबाड. १८३१ मध्ये टटबरीजवळ डव्ह नदीच्या पात्रात एडवर्डच्या काळातल्या पेनींचा प्रचंड साठा निघाला. उलट तिसऱ्या हेन्रीने १२५७ मध्ये काढलेली सोन्याची पेनी अवघी आठच्या आसपास ज्ञात आहे. त्यांतली एक २०२१ मध्ये डेव्हनमधल्या शेतात धातुशोधकाने सापडली आणि पुढच्या जानेवारीत लिलावात तिचे साडेसहा लाख पौंडांजवळ आले.

आपल्या आवाक्यात दुर्मीळ म्हणजे बहुधा नेहमीचा प्रकार, पण कमी दिसणारे गाव किंवा चिन्ह. हे ओळखायला आधी नेहमीचे नाणे हातात खेळलेले लागते. म्हणून आमचा सल्ला: एलिझाबेथची सहा पेनी, एडवर्ड पहिल्याची लंडनची पेनी, सहाव्या हेन्रीचा फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेत पाडलेला ग्रोट (मानेच्या दोन बाजूंना बारीक कडी असतात तो), पहिल्या चार्ल्सचा टॉवरमधला शिलिंग आणि आखूड क्रुसाची एक पेनी. पाचही नाणी वाचता येतील अशीच घ्या. तिसऱ्या रिचर्डचा भोक पडलेला ग्रोट मिळतोय म्हणून पहिल्याच वर्षी सगळे पैसे त्यात घालणे आम्हाला पटत नाही.

एक गोष्ट नवखे हटकून चुकतात. चेहरा सपाट दिसला की झिजलेले समजून नाणे नाकारतात. नाणे पालथे करून त्याच जागेची मागची बाजू पाहा. तीही सपाट आणि आजूबाजूची अक्षरे मात्र तीक्ष्ण असतील तर घाव तिथे बसलाच नव्हता. झीज उंच भागांवर सगळीकडे पसरते, अशी एका ठिपक्यात साचत नाही.

घरबसल्या खोटे नाणे ओळखण्याची खात्रीची पद्धत आहे का? (कोल्हापूर)

एकच अशी नाही, चारपाच मिळून बरेच कळते. लागणारे साहित्य: ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, दहापट भिंग, मि.मी. मोजणारा कॅलिपर आणि एकाच बाजूने येणारा दिव्याचा उजेड.

पहिली पाहणी कडेची. ओतून केलेल्या नकलेला कडेवर साच्याची शिवण असते, किंवा ती घासून काढल्याच्या समांतर रेघा. ठोकलेल्या नाण्याची कड ओबडधोबड असते आणि तिला बारीक तडे गेलेले असतात. तडा हा दोष असला तरी या बाबतीत तो साक्षीदार आहे.

दुसरी पाहणी अक्षरांची. खऱ्या नाण्यात धातू ठशात घुसलेला असतो, त्यामुळे अक्षराच्या भिंती उभ्या आणि तळ स्वच्छ. ओतीव नाण्यात कोपरे साबणाच्या वडीसारखे गोलसर होतात आणि सपाट जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा बुडबुडे दिसतात. मध्ययुगीन अक्षरे पाचर, दांडा आणि चंद्रकोर अशा थोड्या छिन्न्या जोडून केलेली असतात. तुकड्यांचे सांधे दिसले तर चांगले लक्षण.

तिसरी पाहणी जुळ्यांची, आणि आजच्या नकलांसाठी हीच सर्वांत उपयोगी. एकाच ठशातून शेकडो नाणी निघाली तरी प्रत्येक चकती वेगळी, घाव वेगळा. तेव्हा लिलावांच्या जुन्या याद्यांतली छायाचित्रे चाळा. तोच ठसा दिसला तर बिघडले नाही. पण तोच तडा, तीच सरकलेली बाजू, तोच ओरखडा दुसऱ्या नाण्यावरही असेल तर दोन्ही एकाच साच्यातली पोरे.

वजनाचा पुरावा एकतर्फी असतो. कमी भरले तर कातरलेले असू शकते, पण मूळ मानापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त भरले तर सावध व्हा. घनतेची परीक्षा पुष्कळजण सुचवतात: नाणे हवेत तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात तोला, आणि हवेतल्या वजनाला घटीने भागा. स्टर्लिंग चांदीला (साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी तांबे) १०.३ च्या आसपास उत्तर यायला हवे. पण तीन ग्रॅमच्या नाण्याची पाण्यातली घट जेमतेम ०.२९ ग्रॅम असते. काटा ०.०१ ने चुकला तरी उत्तर साडेतीन टक्के हलते. पेनीवर ही परीक्षा करून काही निष्पन्न होत नाही. सहा ग्रॅमच्या शिलिंगपासून पुढे करा. लोहचुंबकाने फक्त लोखंड कळते, आणि दगडावर आपटून नाद ऐकायची जुनी सवय तर सोडाच. जुनी चांदी ठिसूळ होते आणि तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते.

वस्तुसंग्रहालयांच्या दुकानांत विकायच्या प्रतींवर ‘कॉपी’ किंवा डब्ल्यू-आर-एल अशी इवली अक्षरे असतात. ती घासलेली जागा दिसते का पाहा.

शेवटी एक उलटी चूक. उंच भागावर तांबडेपणा दिसला की सगळे ‘मुलामा’ म्हणतात. तांब्याच्या चकतीवर चांदी चढवलेली त्या काळातली खोटी नाणी असतात, आणि त्यांचेही संग्राहक आहेत. पण आठव्या हेन्रीने १५४४ पासून चांदीत इतके तांबे मिसळले की त्याच्या समोर पाहणाऱ्या चेहऱ्याचे नाक झिजून तांबडे दिसू लागले, आणि लोकांनी राजालाच ‘म्हातारा तांबेनाक्या’ म्हणायला सुरुवात केली. १५५१ पर्यंत काही नाण्यांत चांदी पाव हिश्श्यावर आली होती. हा तांबडेपणा खरेपणाचाच भाग आहे.

कोकणातल्या दमट हवेत नाणी काळी पडतात. लिंबू-मीठ किंवा दंतमंजन चालेल का? (रत्नागिरी)

नाही, दोन्ही नाही. काळा थर चांदीच्या सल्फाइडचा असतो, तो काढताना वरची चांदी जाते आणि पृष्ठभागावर केसासारख्या रेघा उमटतात. जाणकार ते एका नजरेत ओळखतो. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदला, मऊ कापडावर न घासता टिपून घ्या. प्लास्टिकच्या पाकिटाचा चिकट हिरवा थर असेल तर शुद्ध अॅसिटोन, उघड्या खिडकीजवळ आणि आगीपासून दूर.

पीव्हीसीची मऊ पाकिटे वापरू नका. मायलारची (पॉलिएस्टरचे पातळ प्लास्टिक) किंवा आम्लरहित कागदाची घ्या. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र यांतून गंधकाची वाफ सुटते. लाकडी पेटी असेल तर ओकची नको. पावसाळ्यात झाकणबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की पुड्या तापवून पुन्हा वापरा.

ईस्ट इंडिया कंपनीसाठी एलिझाबेथने वेगळी नाणी पाडली असे वाचले. ती मुंबईत चालली का? (मुंबई)

ती १६००-०१ मधली ‘पोर्टकलिस’ नाणी. एका बाजूला राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली दरवाजाची जाळी. आठ, चार, दोन आणि एक टेस्टर्न (या नाण्यांचे एकक) अशी चार. आठचे वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे पूर्वेच्या व्यापारात चालणाऱ्या स्पॅनिश आठ रेआलच्या बरोबरीने ठेवलेले. जेम्स लँकेस्टरची गलबते १६०१ मध्ये सुमात्रा-जावाकडे गेली तेव्हाची ही नाणी. मुंबईशी त्यांचा संबंध नाही. पूर्वेकडच्या बाजारांना स्पॅनिश नाण्यांची सवय होती, म्हणून हा प्रयोग तिथेच थांबला. आज चारही अत्यंत दुर्मीळ आहेत.

मुंबईची टांकसाळ कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७२ मध्ये सुरू केली आणि १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली. गंमत अशी की लंडनमध्ये तोवर यंत्र येऊन दहा वर्षे झाली होती आणि मुंबईत इंग्रज अजून हातोड्यानेच रुपये पाडत होते.

नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आहे. धातुशोधक घेऊन शेतात फिरता येते का? सापडलेली किंवा विकत घेतलेली नाणी भारतात आणता येतील का? (रेडिंग)

आधी जमीनमालकाची लेखी परवानगी आणि सापडेल त्याच्या वाटणीचा करार. संरक्षित पुरातत्त्वस्थळी धातुशोधक चालवणे गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर ओहोटीत शोधायचे तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याने तीनशे वर्षांहून जुनी, दहा टक्क्यांहून अधिक सोने-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणी सापडली तर ती ‘ट्रेझर’ ठरतात. चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवावे लागते. प्रत्यक्षात जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी ते काम मार्गी लावतो. एकटे नाणे सहसा यात येत नाही, तरी नोंद जरूर करा, आणि जागेचा नकाशा-क्रमांक लिहून ठेवा. नोंद असलेल्या नाण्याला पुढे विकतानाही विश्वास मिळतो. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, तिथे प्रत्येक प्राचीन वस्तू कळवायची.

देशाबाहेर नेताना निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. तो आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून मिळतो. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या नाण्यांना नियम अधिक कडक आहेत, म्हणून विक्रेत्याकडून नाणे कुठून आले हे पावतीवर लिहून घ्या. भारतात उतरल्यावर कस्टम्सला जाहीर करा आणि पावती जपा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू धरले जाते आणि व्याख्येत देशी-परदेशी असा भेद नाही. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुढे संग्रह इंग्लंडमध्येच विकायचा विचार असेल, तर नाणी तिथल्याच बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्या आणि इकडे फक्त छायाचित्रे आणा.